अंक आणि त्याचे घर : भास्कराचार्य

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, विंध्याची उतरण संपून नर्मदेचे खोरे सुरू होते तिथे, सतवास हे गाव आहे. त्याच जिल्ह्यात नर्मदेच्या काठी नेमावरला परमारकालीन शैलीचे सिद्धनाथाचे मंदिर उभे आहे. माळव्याच्या या मुलखावर अकराव्या शतकात परमारांची सत्ता होती आणि त्यांची राजधानी पश्चिमेला धार येथे होती. परमारांमध्ये राजा भोज विद्येच्या नावाने ओळखला गेला. साहित्य, व्याकरण, वास्तू यांबरोबर ज्योतिषावरही त्याच्या नावाने ग्रंथ आहे; राजमृगांक हा त्याचा करणग्रंथ शके ९६४ चा, म्हणजे इ.स. १०४२ चा. या भोजाने आपल्या पदरच्या एका पंडिताला विद्यापती ही पदवी दिली. पंडिताचे नाव भास्करभट्ट. शांडिल्य गोत्रातील या घराण्यात पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर असे विद्वान झाले. महेश्वराचा पुत्र, भास्करभट्टापासून मोजला तर सहावा पुरुष, तो भास्कर. ज्यांना आपण भास्कराचार्य म्हणतो ते हेच.

ही वंशावळ आज आपल्याला ठाऊक आहे ती एका दगडामुळे. तो दगड लोकांसमोर आणणारा माणूस आपल्या गोव्याचा होता. त्याची हकीकत पुढे येईल.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. हे विज्जडविड कोणी चाळीसगावजवळच्या पाटणला नेऊन ठेवतात, कोणी विजापूरला, कोणी बीडला. गुरू घरातच होता. वडिलांनी, महेश्वराचार्यांनी, त्यांना शिकवले आणि त्या शिक्षणाबद्दलची कृतज्ञता पुत्राने आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ मध्ये (इ.स. ११५०), त्यांचा सिद्धांतशिरोमणी पूर्ण झाला. त्याचे भाग चार : लीलावती हे अंकगणित, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पुढे एकोणसत्तराव्या वर्षी करणकुतूहल हा पंचांगकर्त्यांच्या रोजच्या उपयोगाचा ग्रंथ त्यांनी शके ११०५ हे आरंभवर्ष धरून रचला. या दोन तारखांच्या मध्ये तेहेतीस वर्षे आहेत, आणि दोन्ही टोकांना एकच माणूस दिसतो : अवघड गोष्ट शिकणाऱ्याच्या हाती पडेल अशी कशी करावी याचा विचार करणारा.

लीलावतीचे नाव घेतले की मुलीची गोष्ट येते. पाण्याच्या घटिकापात्रात मोती पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला आणि विवाह राहिला. म्हणून पित्याने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. ही कथा येते ती फैजीने अकबराच्या आज्ञेवरून १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून, मूळ ग्रंथानंतर सव्वाचारशेहून अधिक वर्षांनी. मूळ ग्रंथात लीलावतीला हाक मारून प्रश्न विचारले आहेत एवढेच. कथा गोड आहे, पण तिने ग्रंथावर थोडा अन्यायही केला. लोकांना मोती आठवतो आणि गणित विसरते.

ग्रंथाची सुरुवात मापांनी होते. वीस वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी. चार काकिणींचा एक पण. सोळा पणांचा एक द्रम्म. सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्काच्या कवड्या करायच्या तर सोळा गुणिले सोळा गुणिले चार गुणिले वीस, एकूण २०,४८०. धान्याच्या मापात खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा कुडव. गोव्यातल्या जुन्या शेतकऱ्याला या शेवटच्या शब्दाशी थांबावेसे वाटेल. वीस कुडवांची खंडी भरून भात मोजणारी पिढी आपल्याकडे आता आता होती. माप बदलले, मोठे झाले, पण शब्द लीलावतीतलाच.

मापे संपली की लगेच संख्यांची स्थाने येतात आणि इथे सारा नूर बदलतो. सोळा, वीस, चार हे सगळे मागे पडते. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा नावे. प्रत्येक नाव मागच्याच्या दसपट. मधे एकही अपवाद नाही. ही नावे पूर्वसूरींनी व्यवहारासाठी ठरवली, असे सांगून भास्कराचार्य पुढे जातात. श्रेय स्वतःकडे घेत नाहीत. ते घेण्यासारखे नव्हतेही. स्थानांवर संख्या लिहिण्याची रीत त्यांच्या कितीतरी आधी रुजली होती. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ च्या लेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासह कोरलेले आहेत.

त्याहून जुने लेख पाहिले म्हणजे या रीतीने काय केले ते उमगते. नाणेघाटात आणि नाशिकच्या लेण्यांत सातवाहनकाळचे आकडे आहेत. तिथे दहाला वेगळी खूण, विसाला वेगळी, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शून्य नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण कोणतीही खूण कुठेही बसली तरी तिची किंमत तीच. माणसाने पदवी अंगावर बाळगून फिरावे तसे ते आकडे. स्थानांच्या रीतीत ही पदवी काढून घेतली. पाच हा नुसता पाच. एककाच्या घरात बसला तर पाच, दशकाच्या घरात पन्नास, शतकाच्या घरात पाचशे. मान अंकाचा नाही, घराचा. आणि घर रिकामे असेल तर ते रिकामे आहे हे सांगायला कोणीतरी हवे, ते शून्य. नऊ अंक, एक शून्य, आणि परार्धापर्यंतची वाट मोकळी.

भास्कराचार्यांनी हे तत्त्व सांगून सोडले असते तर ते आणखी एक सूत्रकार झाले असते. त्यांनी ते वापरायला लावले. बेरजेचा त्यांचा नियम पाहा. अंक आपापल्या स्थानांप्रमाणे मिळवावेत. क्रमाने मिळवा किंवा उलट क्रमाने, हरकत नाही. आपल्या शाळेत बेरीज उजवीकडूनच करायची असते आणि डावीकडून सुरू करणाऱ्या मुलाला मास्तर थांबवतात. भास्कराचार्य थांबवत नाहीत. शतकात शतके, दशकात दशके, एककात एकके पडली की झाले. कोणत्या टोकाने निघालात हा सोयीचा प्रश्न. पहिले उदाहरणही तसेच निवडलेले : दोन, पाच, बत्तीस, एकशे त्र्याण्णव, अठरा, दहा आणि शंभर यांची बेरीज सांग, आणि ती दहा हजारांतून वजाही कर. एक अंकी, दोन अंकी, तीन अंकी संख्यांची ही मुद्दाम केलेली सरमिसळ आहे. एकाखाली एक लिहिताना जो डावी कड जुळवील तो फसला. जो एककाखाली एकक ठेवील त्याला ३६० मिळतील आणि वजाबाकीनंतर ९,६४०.

गुणाकाराच्या उदाहरणात १३५ ला बाराने गुणायचे आहे. संख्या सांगितली आहे ती पाच, तीन, एक अशी, एककापासून सुरू करून; ऐकणाऱ्याने प्रत्येक अंक त्याच्या घरात नेऊन बसवायचा. मग गुणण्याच्या वाटा एकामागून एक उघडतात. सरळ बाराने गुणा. बाराचे आठ आणि चार करा : १,०८० आणि ५४०. तीन आणि चार या अवयवांनी एकापाठोपाठ गुणा. विसाने गुणून आठपट वजा करा. किंवा स्थानाने गुणा : दोनने गुणून २७०, एकाने गुणून तेच १३५, पण एक घर डावीकडे सरकवून. सगळीकडून १,६२०. शेवटच्या वाटेत एकाने गुणल्यावर संख्या बदलली नाही, तिचे घर बदलले, आणि तेवढ्याने ती दसपट झाली. मुलांना आज आपण दहाने गुणायचे तर शून्य लावा, असे शिकवतो. हा आडमार्ग आहे. शून्य लावल्याने काही होत नाही; अंक सरकतात म्हणून होते. हा फरक पूर्णांकांत झाकला जातो आणि दशांश चिन्ह आले की उघडा पडतो. अडीच दशांशात लिहिले म्हणजे २.५, त्याला दहाने गुणताना शेवटी शून्य लावले तर २.५० होतात, म्हणजे पुन्हा अडीचच.

माझ्या मते या ग्रंथातला स्थानाचा सर्वांत सुंदर विचार अगदी शेवटी, अंकपाश या प्रकरणात आहे. दोन आणि आठ या अंकांनी किती संख्या होतील आणि त्यांची बेरीज किती? २८ आणि ८२, बेरीज ११०. हे कोणीही सांगेल. तीन, नऊ, आठ यांच्या? संख्या सहा. त्या सहाही लिहून बेरीज करणे कंटाळवाणे, पण शक्य आहे. भास्कराचार्य लिहू देत नाहीत. त्यांचा विचार असा : सहा संख्यांत तीन घरे आहेत आणि प्रत्येक घरात प्रत्येक अंक समान वेळा येणार, म्हणजे दोनदा. अंकांची बेरीज वीस. दोनदा म्हणजे चाळीस. एककाच्या घरात चाळीस, दशकाच्या घरात चाळीस, शतकाच्या घरात चाळीस. हे चाळीस एकेक घर सरकवून मांडले की ४,४४०. पडताळून पाहायचे असेल त्याने ३९८, ३८९, ९३८, ९८३, ८३९, ८९३ यांची बेरीज करावी. मग तिसरा प्रश्न येतो : दोनपासून नऊपर्यंतचे आठ अंक घेतले तर? अशा संख्या ४०,३२० होतात. त्या लिहायला बसणाऱ्याचे आयुष्य त्यातच जाईल. घरांचा हिशेब जाणणाऱ्याला मात्र काही ओळी पुरतात : प्रत्येक अंक प्रत्येक घरात ५,०४० वेळा, अंकांची बेरीज ४४, गुणाकार २,२१,७६०, तो आठ घरांत मांडून मिळवला की २४,६३,९९,९९,७५,३६०. गुणाकार-भागाकारात तरबेज असल्याच्या गर्वाने फिरणाऱ्यांची मान इथे खाली होते, अशी मिस्कील टिप्पणीही आचार्यांनी या प्रकरणात केली आहे.

शून्याशी त्यांचे नाते धीट होते. शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी खहर म्हटले आणि तिच्यात काही मिळवले वा वजा केले तरी ती बदलत नाही, असे सांगताना बीजगणितात सृष्टीच्या उत्पत्तिप्रलयातही न बदलणाऱ्या अच्युताची उपमा दिली. शून्याने गुणलेली राशी पुढे शून्यानेच भागायची असेल तर ती तशीच ठेवावी, हाही त्यांचा नियम. त्यावरचे उदाहरण सोडवून उत्तर चौदा येते. आजचे गणित शून्याने भागण्याची परवानगी देत नाही आणि हे उत्तर त्या रूपात स्वीकारणार नाही. पण एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ते शून्याशी इतर संख्यांसारखे व्यवहार करून पाहत होते.

चक्रवाल पद्धतीबद्दल थोडक्यात सांगून पुढे जाऊ, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. एखाद्या वर्गाला एकसष्टाने गुणून एक मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग व्हावा, अशी सर्वांत लहान संख्या शोधायची. उत्तर आहे २२,६१,५३,९८०, आणि दुसरी संख्या १,७६,६३,१९,०४९. फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये हाच प्रश्न युरोपातील गणित्यांना घातला. बीजगणितात तो पाचशे वर्षांपूर्वी सुटलेला होता.

आता एका प्रश्नाला तोंड द्यायला हवे. एककापासून डावीकडे अठरा घरे ज्यांनी मोजली, त्यांनी एककाच्या उजवीकडे पाऊल टाकले का? दशांश, शतांश, सहस्रांश ही घरे त्यांच्याकडे आहेत का? आपल्याकडे उत्साहाने होकार देणारे पुष्कळ भेटतात. ग्रंथ तसे म्हणत नाही. लीलावतीत अपूर्णांक आहेत ते अंशाखाली छेद लिहून, मधे रेघ न ओढता. परिघ आणि व्यास यांचे सूक्ष्म गुणोत्तर त्यांनी दिले आहे ३,९२७ ला १,२५०. भागून पाहिले तर बरोबर ३.१४१६. म्हणजे आज शाळकरी मूल जी चार दशांश स्थळे पाठ करते ती त्यांच्या हातात होती, पण त्या रूपात नव्हती.

एका ठिकाणी ते उंबरठ्यापर्यंत आले. ज्या काटकोन त्रिकोणाच्या दोन्ही बाजू सव्वातीन आहेत त्याचा कर्ण काढायचा आहे. वर्गांची बेरीज १६९ छेद ८, आणि तिचे मूळ पूर्ण निघत नाही. मग रीत अशी. अंश आणि छेद यांचा गुणाकार १,३५२. त्याला एखाद्या मोठ्या वर्गसंख्येने गुणा. इथे दहा हजारांनी. म्हणजे चार शून्ये पुढे. १,३५,२०,००० चे जवळचे मूळ ३,६७७. गुणकाचे मूळ शंभर, छेद आठ. तेव्हा ३,६७७ ला ८०० ने भागा. उत्तर चार पूर्णांक चारशे सत्त्याहत्तर छेद आठशे. या क्रियेच्या मध्यभागी पाहा. चार शून्ये लावून काढलेले ३,६७७ म्हणजे ३६.७७ हेच, शतांशाच्या घरापर्यंत गेलेले. अधिक सूक्ष्म हवे तर अधिक शून्ये लावा, असे त्या रीतीतच अभिप्रेत आहे. फक्त घरे रिकामी करून त्यांना नावे दिली नाहीत. काम झाले की ती परत छेदात बांधून ठेवली.

असे का झाले असावे याचे उत्तर मला ग्रंथाच्या पहिल्या पानांत दिसते. मोजणी दहाची होती, पण जग दहाचे नव्हते. एकाहून लहान तुकडा हवा असेल तर बाजारात सोळावा, चौथा, विसावा भाग तयार होता आणि आकाशात अंशाच्या साठ कला. दशांश कोणी मागतच नव्हते. दमास्कसला इ.स. ९५२ मध्ये अल्-उक्लिदिसीने दशांशाची खूण वापरली होती, समरकंदच्या अल्-काशीने १४२७ मध्ये त्याची पूर्ण रीत मांडली आणि फ्लँडर्सच्या सायमन स्टेविनने १५८५ मध्ये दशांश पद्धतीवर छोटी पुस्तिका काढून नाणी आणि मापेही दहाची करावीत असा आग्रह धरला. त्या आग्रहाला आपल्याकडे पोचायला फार वेळ लागला. मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकली जात होती ती सोळा आण्यांच्या रुपयासाठी. भारतात शंभर नव्या पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ ला आला. गोव्यात सोळा तांग्यांच्या रुपियाची जागा पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत शंभर सेंतावांच्या एस्कुदोने घेतली आणि मुक्तीनंतर पुन्हा रुपया आला, आता शंभर पैशांचा. एकाच पिढीने तीन हिशेब शिकले.

मापे दहाची झाली तरी उजवीकडची घरे मनात अजून नीट बसलेली नाहीत. वजनकाट्यावर १.२५० दिसले की आपण एक किलो दोनशे पन्नास ग्रॅम वाचतो, म्हणजे बिंदूच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या संख्या समजतो. बाजारात ते चालून जाते. वर्गात चालत नाही. ०.५ आणि ०.४५ यांत मोठे कोणते, असे विचारले तर पुष्कळ मुले ०.४५ म्हणतात, कारण पंचेचाळीस पाचांहून मोठे. त्यांना पाच दशांशाच्या घरात आहे आणि चारही दशांशाच्याच घरात, हे दिसत नाही; ती उजवी कड जुळवून बघतात, जशी लीलावतीच्या पहिल्या उदाहरणात कोणी डावी कड जुळवून फसेल. दोन्ही चुकांचे मूळ एक, आणि औषधही एकच : अंक वाचण्याआधी त्याचे घर विचारणे.

भास्कराचार्यांनंतर घराण्यातली विद्या थांबली नाही. पुत्र लक्ष्मीधर याला देवगिरीच्या जैत्रपाल यादवाने आपल्याकडे नेऊन पंडितांचा अग्रणी केले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव सिंघण यादवाचा प्रमुख ज्योतिषी झाला. या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटण येथे मठ स्थापन केला. यादवांच्या मांडलिक निकुंभ घराण्यातील सोन्हदेवाने शके ११२८, प्रभव संवत्सरात, श्रावणी पौर्णिमेला चंद्रग्रहणाच्या वेळी या मठाला दान दिले; ही ऑगस्ट १२०७ ची गोष्ट. ज्योतिष्याच्या मठासाठी याहून उचित मुहूर्त कोणता? त्याच सुमारास, १२०२ मध्ये, इटलीतील पिसाचा लिओनार्दो, ज्याला फिबोनाची म्हणतात, आपल्या देशबांधवांना हिंदूंचे नऊ अंक आणि शून्य समजावून सांगणारा ग्रंथ लिहीत होता. त्याचे वाचक व्यापारी होते आणि ही विद्या त्यांना नवी होती. पाटणच्या मठात ती पिढीजात होती.

मठ गेला. यादव गेले. ग्रंथ मात्र टीकांच्या आधाराने जिवंत राहिले. कोकणच्या किनाऱ्यावरील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहून नियमांच्या उपपत्ती दिल्या. १८१६ मध्ये टेलरने आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने लीलावती इंग्रजीत आणली. पण आचार्यांचे घराणे, माळव्याशी असलेले त्यांचे नाते, नातवाचा मठ हे सारे चाळीसगावच्या नैर्ऋत्येला डोंगरपायथ्याशी, पाटणच्या भवानीमंदिरातल्या एका शिळेवर पडून होते.

ते वाचले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पेडणे महालात जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड मुंबईला गेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात त्यांनी लेण्यांतले लेख वाचले. स्थानमूल्य नसलेल्या त्या जुन्या आकड्यांचा, दहा, वीस, शंभरांच्या वेगवेगळ्या खुणांचा उलगडा करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आणि १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आर्यभट ते भास्कराचार्य यांच्या काळाविषयी लिहिताना पाटणचा शिलालेख त्यांनी विद्वानांसमोर ठेवला. म्हणजे घरांपूर्वीचे अंक आणि घरांचा आचार्य, दोन्ही एकाच गोमंतकीयाच्या हाती लागले. ते १८७४ मध्ये वारले. कीलहॉर्नने या लेखाचे संपादन पुढे एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात केले.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृत पद्यात आहे. राजे, वंश, पदव्या, विद्या यांचे वर्णन त्यात येते. शेवटी दानाचा तपशील सांगायची वेळ आली तेव्हा कोरणाऱ्याने भाषा बदलली आणि तो मराठीत शिरला, कारण हा भाग बाजारातल्या माणसांना कळायला हवा होता. मराठीचे जे अगदी आरंभीचे लेख उपलब्ध आहेत त्यांत त्या ओळी मोडतात. पाटणात माल विकला गेला की गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा भाग आता मठाला. दामाचा विसावा हिस्सा नगराकडून. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे एक पळी तेल. आणि इथे जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापावे, मापाईचा अर्धा वाटा मठाचा.